नऊ शर्ट, पॅन्ट एकही नाही

सिनेमा बेपत्ता मजुरांवर होता. मजूर नाहीसे होतात आणि एक देखणा फौजदार काळा चष्मा लावून त्यांना शोधून काढतो. खरा फौजदार कपडेपटावरच्या टेलरताईने अकरा महिन्यांपूर्वीच पाहिला होता. "बाई, भाऊ काय तान्हं बाळ आहे? गेला असेल कुणाचा तरी हात धरून." असं म्हणून त्याने तिच्या तक्रारीवर चहाचा कप ठेवला होता. कपाचा तो ओला गोल तिला अजून दिसायचा. डोळे मिटले की जास्तच.

आता तीच बाई पोटासाठी नवे शर्ट जुने करत बसली होती. चहाच्या पाण्यात बुडवायचे, कोपरावर वीट घासायची. दिग्दर्शकाला ते पटेना.

"खोटा मळ कॅमेऱ्याला कळतो, ताई. खरे कपडे आणा."

शूटिंग एका अर्धवट सोडलेल्या इमारतीच्या तळघरात होतं. तिथल्या वॉचमनने एक गोणी आणून तिच्यापुढे ओतली. "घ्या. इथल्या मजुरांचे आहेत. भिंतीवर खिळ्यांना लटकत होते. काम सोडून पळाले सगळे."

तिने एकेक शर्ट झटकला. चौथा हातात आला आणि तिची बोटं थांबली. उजव्या खांद्याच्या आत कापडाची चौपदरी घडी शिवलेली होती. निळं कापड, बारीक पांढरे ठिपके. तिच्याच जुन्या झंपराचं. धाकटा भाऊ लहानपणी झाडावरून पडला तेव्हापासून त्याचा तो खांदा उतरलेला. शर्ट ओघळू नये म्हणून ती दर शर्टात अशी घडी घालायची. "ताई, तुझ्यामुळे मी सरळ दिसतो," असं म्हणायचा मेला.

तिने पुन्हा सगळा ढीग उपसला. शर्ट नऊ. पॅन्ट एकही नाही.

"पळणारा माणूस शर्ट टाकून नुसत्या पॅन्टवर पळतो का रे?" तिने वॉचमनला विचारलं.

"मला काय माहीत? मी तेव्हा गावी होतो. आलो तर बिल्डर शेठ म्हणाले, पळाले."

गर्दीच्या शॉटसाठी नाक्यावरून खरेच मजूर आणले होते; ढिगातले बाकीचे आठ शर्ट ते अंगात घालत होते. त्यांतला एक म्हातारा गवंडी शर्ट चढवताना तिचं बोलणं ऐकत होता. त्याने बटणं लावायची थांबवली.

"ताई, टाकीत उतरताना आम्ही शर्ट वर काढून ठेवतो. खाली घाम आणि चिखल. वर आल्यावर अंगात घालायला कोरडा लागतो."

"कुठली टाकी?"

गवंड्याने भिंतीवरचे नऊ खिळे पाहिले. मग नजर खाली आणली. जमीन सगळीकडे काळवंडलेली होती, पण खिळ्यांखाली दाराएवढा तुकडा उजळ होता. त्यावरच कॅमेरा उभा होता.

"इथे टाकीचं तोंड होतं," वॉचमन पुटपुटला. "परत आलो तेव्हा ओला स्लॅब होता. मी विचारलं नाही."

"एक उतरला असेल," गवंडी म्हणाला. "गुदमरला म्हणून दुसरा. मग तिसरा. आमच्यात असंच होतं, ताई. आतल्याला सोडून कुणी वर थांबत नाही."

नऊच्या नऊ. आणि शेठने वर झाकण घातलं. माणसं लपवली अन् शर्ट विसरला हरामखोर! मजुराच्या शर्टाकडे कोण बघतं?

"ताई, काय चाललंय? उजेड जातोय!" दिग्दर्शक ओरडला. "कपडे चढवा. कॅमेरा चालू केलाय."

"कॅमेरा सरकवा," ती म्हणाली. "माझ्या भावावर उभा आहे तो."

कुणीतरी फिसकन हसलं आणि तिचा चेहरा पाहून मागे सरलं. आठ माणसं मेलेल्यांचे शर्ट घालून उभी होती. त्यांतला एक आपल्याच छातीवरचं बटण चाचपत म्हणाला, "ताई, माझ्या अंगातला कुणाचा?"

तिला कुठे माहीत होतं! आठ घरांत आठ बायका त्याच चहाच्या गोलाकडे बघत बसल्या असतील.

"आधी पोलिसांना कळवू," दिग्दर्शक चाचरला.

"अकरा महिन्यांपूर्वी कळवलंय. तुमचा फौजदार काळा चष्मा काढेपर्यंत मी थांबणार नाही. पहार आणा."

गवंड्याने पहार आणली. पहिला घाव बसला तसा खालून पोकळ आवाज आला, रिकाम्या घरात कुणी दार वाजवावं तसा. आठही जण पुढे झाले. कॅमेरा बाजूला सरकवला होता, पण कुणी बंद केलाच नव्हता.

फक्त नववा शर्ट कुणाच्या अंगात नव्हता. तिने तो मांडीवर पसरला, खांद्याची घडी बोटाने सपाट केली, तुटलेलं एक बटण होतं ते सुईदोरा काढून लावायला घेतलं. भाऊ वर आल्यावर कोरडा शर्ट लागणार होता.