मले सांबार पायजे

नाव: गोदा.
वय: वीस.
खूण: डाव्या मनगटावर गोंदलेली तुळस.
गाव: बारसी टी.

टी म्हणजे काय?

आरतीला एवढंच हवं होतं, आणि आज सकाळीच हवं होतं. तिकडे घरी, मॉरिशसला, पाथरवट छिन्नी घेऊन बसला होता. रविवारी गोदाच्या नावाचा दगड बसणार. नाव कोरून झालं, सालही कोरून झालं. गावाची ओळ कोरी. आईचं वय एक्क्याण्णव, आणि तिचा हट्ट एकच: चुकीचं गाव कोरायचं नाही, आणि कोरी ओळ ठेवायची नाही.

गोदा ही आईची पणजी, दीडशे वर्षांपूर्वी उसाच्या मळ्यावर मजुरीसाठी जहाजाने नेलेली.

सोलापूरकडच्या बार्शीत आरती दोन दिवस फिरली. एका निवृत्त मास्तरांनी जहाजाच्या कागदाची प्रत उजेडात धरली आणि निर्णय दिला, "टी म्हणजे तालुका." तिने जवळजवळ मान्य केलं होतं. एवढ्यात भेळवाला म्हणाला, "वऱ्हाडात एक बार्शीटाकळी आहे बघा."

टाकळी. टी.

म्हणून अकोला. म्हणून किशोरची टॅक्सी. म्हणून सकाळी साडेदहाला बार्शीटाकळीचा आठवडी बाजार, आणि हातातल्या फाइलीला घाम.

"महोदय, येथे दीडशे वर्षांपूर्वीची कोणती कुटुंबे आहेत?" आरतीने एका कांदेवाल्याला विचारलं. तिचं मराठी वर्गात शिकलेलं.

कांदेवाल्याने किशोरकडे पाहिलं. "मॅडम बातम्या देऊन राहिल्या का?"

*

खूण या रकान्यात मावलं नाही ते:

बेचाळीस दिवस जहाज. उतरल्यावर गळ्यात नंबराचा पत्रा, हाक नंबराने. उसाच्या पात्यांनी हात चिरत, घाम लागला की आग होई. मळ्याबाहेर पाऊल टाकायला चिठ्ठी लागे. गोदा चिठ्ठी न घेता ओढ्यावर गेली, तर तिला दोन दिवस कोंडलं.

सुटून आली तेव्हा शेजारच्या झोपडीतल्या थंगम्माने तिच्यापुढे भात-वरण ठेवलं. थंगम्मा तमिळ. हिची भाषा तिला नाही, तिची हिला नाही. गोदाने तीन बोटं जुळवून ताटावर भुरभुरल्यासारखं केलं आणि म्हणाली,

मले सांबार पायजे.

थंगम्माचा चेहरा उजळला. आपला शब्द! धावत गेली, चूल पेटवली, आणि चिंचेचं गरमागरम सांबार मडकंभर घेऊन आली. गोदाने मडक्यात पाहिलं आणि हसत सुटली. त्या बेटावरचं तिचं पहिलं हसू. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली, मग मडकं संपवलं. पुढे दोघींची चूल एकच झाली. गोदाची पाचही बाळंतपणं थंगम्माने केली.

घरात ही गोष्ट दरवर्षी सांगतात, त्या दिवशी सांबार करतात. शेजारी म्हणतात, तुम्ही मूळचे तमिळच. मराठीच्या वर्गात बाईंनीही आरतीला विचारलं होतं, "तुम्ही इकडे कशा?" आणि वहीत 'मले' खोडून 'मला' केलं होतं.

पण गोदा हसली कशाला? सांबार मागितलं, सांबार आलं. यात हसायचं काय?

पाच पिढ्या कुणाला कळलं नाही.

*

पार्बताबाईंच्या गोणपाटावर वांगी, मेथी, मिरच्या. किशोर घरची भाजी घ्यायला थांबला. आरती मागे उभी, मोबाइलवर पाथरवटाचा तिसरा निरोप: *तालुका लिहू का?*

तिने टाइप केलं, *हो*. अंगठा पाठवायच्या खुणेवर.

"मावशी, वांगे द्या अर्धा किलो. आन् सांबार?"

"हाये ना. ताजा हाये, पाय."

अंगठा थांबला.

पार्बताबाईंनी जुडी फेकली. हिरवी, ओली, मुळांना काळी माती. किशोरच्या पिशवीत पडली.

"हे," आरती म्हणाली. "हे काय आहे?"

"सांबार."

"ही कोथिंबीर आहे."

"ते पुण्यात," पार्बताबाई म्हणाल्या. "इथं सांबार."

"बार्शीत? सोलापूरच्या बार्शीत काय म्हणतात?"

"कोथिंबीरच म्हणत असतीन," किशोर म्हणाला. "सांबार फक्त आपल्या इकडं. पण मॅडम, खरं सांगतो, साऱ्या वऱ्हाडात सांबारच म्हणतात. टाकळीतच असं नाही."

"वऱ्हाडात बारसी टी किती आहेत?"

किशोरने विचार केला. "एकच."

आरती गोणपाटापुढे मटकन खाली बसली. तीन बोटं जुळवली. समोर भाताचं ताट असल्यासारखी भुरभुरली. वरणावर चिमूटभर सांबार, एवढंच मागितलं होतं तिने, आणि मडकंभर आलं.

आता आरती हसत होती. पार्बताबाई किशोरला हळूच म्हणाल्या, "ऊन लागलं का हिले?"

"नाही मावशी. माहेर लागलं."

मग सगळी गोष्ट सांगावी लागली. किशोर मधे मधे वऱ्हाडीत सांगत होता. मिरचीवाली आली, कांदेवाला वजनं सोडून आला. थंगम्माचं मडकं येताच पार्बताबाईंनी पदर तोंडाला लावला आणि इतक्या हसल्या की वांगी घरंगळली.

"माय वं. बिचारी. काय मांगलं आन् काय भेटलं." मग डोळे पुसले. "पर ते मद्रासीण चांगली निंगाली."

आरतीने आईला व्हिडिओ कॉल लावला आणि जुडी कॅमेऱ्यापुढे धरली.

"कोतोमिली," आई म्हणाली. तिकडचा शब्द. "मग?"

पार्बताबाईंनी फोनच हातात घेतला. "काहून वं बुढे, तुह्या पणजीले इचार, हे काय व्हय? सांबार व्हय हे. सांबार."

पडद्यावर आईचा हात वर आला, सावकाश. तीन बोटं जुळली.

आरतीने 'हो' खोडलं. एकेक अक्षर पाथरवटाला पाठवलं: टा. क. ळी.

"आन् खाली लिवा म्हणा," पार्बताबाई म्हणाल्या, "सांबार भेटला."