मुंडीचा पांढरा

"या मुंड्यायले हळद कोनं फासली?" दुकान उघडताच बद्रुद्दीन ओरडला.

मागून डबा घेऊन आलेली त्याची बायको सईदा दारातच थांबली. "कोन फासनार? दिवाळीपासून अशाच तं लटकून राहिल्या."

तारेवर तीन इलेक्ट्रिक गिटारी टांगलेल्या होत्या, जुन्या घाटाच्या. अशा गिटारीचं धड ज्या रंगाचं, त्याच रंगाची तिची मुंडी हवी. मुंडी म्हणजे तारा पिळायच्या खुंट्या असतात तो वरचा भाग. त्यात केसाएवढा फरक चालत नाही. आणि इथे धडं पांढरीशुभ्र, मुंड्या चक्क पिवळ्या!

चार दिवसांपूर्वी बद्रुद्दीनच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला होता. काळा चष्मा वर सारून त्याने उजवा डोळा झाकला. मोतीबिंदू अजून तसाच असलेल्या डाव्याने धड-मुंडी एकच दिसलं. मग डावा झाकला. मुंड्या पुन्हा पिवळ्या. तो स्टुलावर बसला.

अकोल्यातल्या याच रंगकामाच्या दुकानात नत्थुजी या कारागिराने बद्रुद्दीनच्या हाताखाली बावीस वर्षं रंग कालवला. आधी मोटरसायकलच्या टाक्या, मग गिटारी. पुढे कपाशीने सगळ्या मुलखाला बुडवलं, लग्नं देवळात उरकू लागली, गावोगावचे ऑर्केस्ट्रा बसले. नागपूरच्या एका व्यापाऱ्याचं काम काय ते उरलं. गेल्या दिवाळीत त्यानेच या गिटारी परत आणून टाकल्या. मुंडी पिवळी आहे म्हणाला. बद्रुद्दीनला कसलाही फरक दिसला नव्हता. पण तसं कबूल करायचं म्हणजे उस्तादपण गेलंच की!

"नत्थुजी, डोळे फुटले काय तुमचे?" व्यापाऱ्यासमोर तो गरजला होता.

"भाई, मी तं म्हनत होतो पिवळा जास्त होऊन राहिला. तुमीच म्हनलं, अजून टाक."

"खोटं काहून बोलता? तुमाले रंगच दिसत नाही आता."

नत्थुजी हात पुसून निघून गेला. तेवढ्यावर भागलं नाही. बद्रुद्दीनने बाजारातल्या दोघा-चौघा पेंटरांनाही सांगितलं, नत्थुजीची नजर गेली म्हणून. मग अकोल्यात त्याला कोणी दारात उभं केलं नाही.

"खोटा मीच होतो," आता स्टुलावर बसून बद्रुद्दीन सईदाला म्हणाला. त्याला स्वतःचीच किळस आली होती. "मले तवाच दिसत नव्हतं. अन् मले ते मालूम होतं."

"मंग जा अन् माफी मांगा. इथं बसून काय रडता?"

अकोल्याजवळच्या बार्शीटाकळीला नत्थुजी सापडला तो शिडीवर, एका किराणा दुकानाच्या दाराला हिरवा रंग देताना. तो लगबगीने खाली उतरला. "या भाई, या. डोळ्याले काय झालं?"

"मोतीबिंदू होता. नत्थुजी, चूक माही होती. मले दिसत नव्हतं अन् मी तुमच्यावर ढकललं. माफ करा मले."

"जाऊ द्या भाई."

"जाऊ कसं द्या? बाजारात मी सांगतो साऱ्यायले. तुमी चला परत." बद्रुद्दीनने पिशवीतून एका धडाचा तुकडा आणि रंगवलेल्या दोन पट्ट्या काढल्या. "पाहा, याले कोनता पांढरा जमते?"

नत्थुजीने पट्ट्या उन्हात धरल्या. त्याचं बोट नेमकं बरोबर पट्टीवर गेलं. मग थबकलं आणि मागे आलं.

"अवं, पाह्य बरं, कोनता?" त्याने सावलीत बसलेल्या बायकोला, गोदाबाईला, हाक मारली. तिने पदराला हात पुसले आणि दुसऱ्या पट्टीवर बोट ठेवलं.

"मंग तोच असन," नत्थुजी म्हणाला.

"अवो, तुमचं बोट बरोबर गेलं होतं! मी पाहिलं ना!"

"माह्या नजरेचा भरोसा नाही वाटत आता, भाई. बावीस वर्षं तुमीच सांगत आले, हे बरोबर, हे चूक. तुमी म्हनलं दिसत नाही, तं मले वाटलं, नसन दिसत."

 नत्थुजीने पट्ट्या बद्रुद्दीनच्या हातात दिल्या आणि तो पुन्हा शिडीवर चढला. ब्रशचे दोन हात मारून त्याने खाली पाहिलं.

"भाई, सारखा दिसते ना हिरवा?"

डब्यातला तयार रंग होता तो. त्यात काहीच मिसळलेलं नव्हतं.

"सारखा आहे, नत्थुजी."

आणखी दोन हात झाले. नत्थुजीने पुन्हा मान वळवून विचारलं. दार पुरं होईपर्यंत बद्रुद्दीन उन्हात उभा राहून सांगत राहिला.