रिकाम्या मागाचा आवाज

मित्रांनो, मी एक जुना हातमाग आहे. उमरेडच्या सुताराने मला सागवानातून घडवले आणि नागपुरात, विणकरांच्या गल्लीत, नानाजींच्या घरी बसवले. पुष्कळ वर्षे माझ्यावर नऊवारी लुगडी निघाली. गिऱ्हाईक पोत चाचपून वाहवा करायचे आणि मी फुशारून जायचो. आज ते आठवले की लाज वाटते.

नानाजींचा मुलगा ईश्वरदास बायकोला, पुष्पलताला, मारायचा. त्याने हात उगारला की नानाजी लगबगीने माझ्यावर बसत. आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात सूत नसे, कापड बोटभरही वाढत नसे. रडणे बाहेर जाऊ नये म्हणून नुसता खटखटाट. शेजारीही विणकरच, रिकामा माग कसा वाजतो हे गल्लीतल्या पोरांनाही कळे. तरी कोणी दार ठोठावले नाही.

१९८४ साली पुष्पलताचा हात मोडला आणि प्रकरण कोर्टात गेले. कोर्टाने ईश्वरदासला तुरुंगात न धाडता वर्षभर नीट वागण्याच्या हमीवर सोडले. दर शनिवारी समुपदेशनाला जायचे, ही अट. तिथे समुपदेशक शोभाताई त्याला समजावत. "मले आता समजलं," असे तो घरी येऊन म्हणे. मीही भुललो. दोन महिन्यांत नानाजी पुन्हा सुताशिवाय माझ्यावर बसले.

वर्ष संपताना शोभाताई घरी आल्या. 'सुधारला' असे त्यांनी कोर्टाला कळवले की खटला मिटणार होता आणि पुष्पलताला कोणी वाली उरणार नव्हता. ओसरीवर त्यांनी तिला विचारले, "आता त्रास नाही ना?" तिचे उत्तर ऐकू जाऊ नये म्हणून नानाजींनी आत घाईने मला चालवायला घेतले.

"काम जोरात दिसतंय," शोभाताई खुशीत म्हणाल्या.

पुष्पलता उठून आतल्या दाराशी गेली. मग म्हणाली, "मामंजी, माग थांबवा. ताई, आत येऊन पाहा, धोट्यात सूत नाही. हा असा चालून राहिला का समजा, मी मार खाऊन राहिली."

शोभाताईंनी रिकामा धोटा हातात घेतला. त्यांचा चेहरा उतरला.

"घराची इज्जत वाचवून राहिलो होतो, ताई," नानाजी पुटपुटले.

"मी वर्षभर एकट्या त्यालाच बोलावत राहिले," त्या म्हणाल्या. "चुकलंच माझं."

खटला पुन्हा उभा राहिला. पुष्पलता उमरेडला भावाकडे गेली, आता तिथे स्वतःच्या मागावर विणते. सागवान असूनही मला इथे वाळवी लागली आहे.

मित्रांनो, मला तेलपाणी करा असे मी म्हणत नाही. शेजारच्या घरातून असा पोकळ आवाज आला तर दार ठोठावा, एवढेच मागतो. मला हात नाहीत. पण लुगडे विणताना माझ्यावर ताणलेले उभे धागे ऐन वेळी कितीदा तरी तुटले आणि मी थांबलो. त्या रिकाम्या खटखटाटात मात्र एकही तुटला नाही.