चिवड्याच्या डब्याची साक्ष

मित्रांनो, मी एक जुना, पोचे आलेला पत्र्याचा डबा आहे. माझा जन्म सातपूरच्या कारखान्यातला. पोटात चिवडा भरून मी पंचवटीतल्या शेखरच्या घरी आलो. चिवडा संपायला वेळ लागला नाही; पण शेखरच्या आईला, कुसाबाईंना, माझं घट्ट झाकण आवडलं आणि मी घराचा औषधांचा डबा झालो. कुणी शिंकलं तरी माझी आठवण व्हायची. त्या मानाचा मला केवढा तोरा होता!

शेखरची बायको उज्वला. पूर्वी एकदा सल्फा नावाच्या औषधाच्या गोळीनं तिच्या अंगावर लाल चट्टे उठले होते. गेल्या वर्षी लघवीला जळजळ होऊ लागली, म्हणून ती सासूबरोबर दवाखान्यात गेली. तिनं चट्ट्यांचं सांगितलं. डॉक्टरांनी मान वर न करता ‘हे औषध वेगळं आहे’ म्हणून कागद हातात दिला. गोळीचं नाव वेगळं होतं, आतलं औषध तेच होतं. घरी पाकिटावरची बारीक अक्षरं वाचून उज्वला कचरली, तेव्हा कुसाबाईंनी तिला दटावलं. डॉक्टरांपेक्षा तुला जास्त कळतं का, म्हणत त्यांनी स्वतःच्या हातानं गोळी दिली आणि पुढेही देत राहिल्या.

मग ताप चढला. डोळे जळू लागले, तोंड आतून सोललं. अंगभर फोड आले आणि गरम पाण्यातल्या टोमॅटोसारखी कातडी सुटू लागली. भाजलेल्या रुग्णांच्या विभागात ती कितीतरी दिवस पडून होती. घरात चूल पेटायची तेवढीच, कुणी जेवत नव्हतं.

उज्वला वाचली. पण ती घरी आली त्याच दिवशी कुसाबाईंनी आजारपणातल्या वस्तूंचं गाठोडं बांधलं. उरलेलं औषध घरात ठेवलं तर दुखणं परत दारात येतं, अशी त्यांच्या गावची समजूत. ते पाकीट माझ्याच पोटात होतं, म्हणून त्यांनी मलाही त्यात कोंबलं, गोदावरीत सोडायला. उज्वलानं पट्ट्या बांधलेल्या हातांनी मला बाहेर ओढलं.

“आई, हा डबा कुठंही जाणार नाही. माझी कातडी का गेली, ते यात आहे.”

आम्ही लतिकाताई वकिलांकडे गेलो. त्यांनी नीट समजावलं. औषध एखाद्याला सोसत नाही, यात दर वेळी डॉक्टरांचा दोष नसतो. पण सांगूनही ऐकलं नसेल, तर दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगात दाद मागता येते, वैद्यकीय परिषदेकडेही तक्रार करता येते. पाकीट, बिल, केसपेपर, सगळं जपा, असं त्या म्हणाल्या. तक्रार दाखल झाली. डॉक्टरांचं उत्तर आलं, की बाईंनी काही सांगितलंच नव्हतं. घरच्या डब्यातलं भलतंच काहीतरी खाल्लं असेल. मित्रांनो, माझ्यावरच आळ! मी संतापलो, पण पत्र्याला तोंड कुठलं?

तोंड एकाच माणसाला होतं, आणि ते इतके दिवस मिटलेलं होतं. लतिकाताईंच्या टेबलावर मला ठेवून कुसाबाई उभ्या राहिल्या.

“लिवा, वकीलबाई. ती सांगत व्हती, मी ऐकलं. डॉक्टरांनी मनावर घेतलं नाय, अन् मीबी नाय. याच पाकिटातली गोळी मी माझ्या हातानं तिला दिली.”

गाठोडं बांधायची घाई त्यांना का झाली होती, ते मला तेव्हा कळलं. उज्वलानं सासूचा हात धरला आणि जबाबावर त्यांची सही होईपर्यंत सोडला नाही.

निकाल अजून लागायचा आहे. उज्वलाला उन्हात डोळे उघडवत नाहीत, तरी एकही तारीख ती चुकवत नाही. मित्रांनो, अंगाला न सोसलेल्या औषधाचं नाव पाठ ठेवा, दर वेळी सांगा आणि पाकीट फेकू नका. कुणी ऐकलं नाही, तर पुन्हा सांगा. माझ्या झाकणावर आता ते नाव लाल रंगात लिहिलं आहे. परवा उज्वलाला खोकला झाला, तर कुसाबाईंनी मला पदराखाली घेऊन नवा दवाखाना गाठला, डॉक्टरांपुढे ठेवलं आणि म्हणाल्या, “आधी हे वाचा, मग लिवा.”