बाबांना कुणी विचारलंच नाही

"वडिलांच्या बाजूने कुणाला रक्तदाबाचा त्रास?" डॉक्टरांनी कागदावरून मान न उचलता विचारलं.

झालं! दरवेळी गाडं इथेच अडायचं. जिला विचारलं जात होतं ती बाई स्वतः दंतवैद्य. आपल्या दवाखान्यात येईल त्या रोग्याला हाच प्रश्न ती रोज विचारायची. स्वतःवर पाळी आली की मात्र तिच्याकडे एकच उत्तर, "माहीत नाही. वडील दत्तक आहेत." रक्तदाब नको त्या वयात वाढलेला, आणि त्याचं मूळ कुठे शोधायचं तर पुढे सगळा अंधार. बाहेर पडताना तिचा जीव नुसता तळमळत होता.

तशी घरात लपवाछपवी काही नव्हती. आपण दत्तक आहोत हे बाबांना लहानपणापासून ठाऊक होतं आणि त्यांनीही ते कुणापासून लपवलं नाही. जन्मभर त्यांनी शहरात बस चालवली होती. नको तो विषय निघाला की बोलणंही तितक्याच सफाईने दुसऱ्या रस्त्याला वळवायचे. एकदा जेवताना मावशीने विचारलं होतं, "पण काय हो, तुमचे खरे आई-बाप कोण, हे शोधावंसं नाही वाटलं कधी?"

"खरे होते ते दोघंही गेले," बाबा शांतपणे म्हणाले. "खोटे कुठे असतील तर तुम्ही शोधा."

मावशीचा घास हातातच राहिला. सगळे हसले आणि विषय तिथेच मिटला.

लेकीच्या मनातून मात्र तो मिटला नाही. आरशासमोर उभी राहिली की तिच्या डोक्यात चक्र सुरू व्हायचं. हे फेंदारलेलं नाक कुणाचं? या चिडक्या भुवया कुणाच्या? अर्धं घराणं फोटोंतून हसतंय आणि उरलेल्या अर्ध्याचा पत्ताच नाही, हे तिला सहन होईना.

आणि मग तिने जे केलं ते एखाद्या दंतवैद्यालाच जमलं असतं. लाळेच्या नमुन्यावरून रक्ताचे नातेवाईक जुळवून देणारी एक संस्था तिला सापडली. बाबा दात साफ करून घ्यायला तिच्याकडेच यायचे. यावेळीही आले, खुर्चीत आडवे झाले. तोंड सताड उघडं, गालात कापसाचे बोळे, ओठाला लटकलेली पाणी ओढायची नळी. या अवस्थेत माणसाला हो म्हणता येत नाही आणि नाहीही म्हणता येत नाही. तिने एक काडी गालाच्या आतून हळूच फिरवली.

"आं?" बाबांनी भुवया उंचावल्या.

"काही नाही बाबा. हिरड्या बघतेय."

चक्क थाप! नमुना रवाना झाला. वडिलांची संमती आहे का, असं संस्थेने विचारलं होतं. तिथे बाईंनी बाबांच्या वतीने बिनदिक्कत होकार भरून टाकला. त्यांच्या भल्यासाठीच तर करतेय, अशी मनाची समजूत घातली.

पुढचे दिवस तिने कसे काढले ते तिचं तिलाच माहीत. हात रोग्याच्या तोंडात आणि डोळे फोनकडे. एका बिचाऱ्याची दुखत होती डावी दाढ आणि हिने बधिर केली उजवी बाजू! तो अर्ध्या तोंडाने काय बोलला ते कळलं नाही, हे बरंच झालं.

शेवटी उत्तर आलं. बाबांची सख्खी बहीण! हयात होती, इस्पितळातून निवृत्त झालेली परिचारिका होती आणि तिने स्वतःहून फोन नंबर पाठवला होता. दुपारच्या सुट्टीत दवाखान्याचं दार लावून घेऊन लेकीने फोन लावला. आवाज ती पहिल्यांदाच ऐकत होती, तरी ओळखीचा वाटला.

"तो बरा आहे ना?" पलीकडच्या बाईंनी पहिलं हेच विचारलं.

"छान आहेत. आत्या, मला खूप काही—"

"आत्या म्हणायची घाई करू नकोस बाळा. आधी सांग, तू मला शोधलंस हे त्याला माहीत आहे?"

"नाही... म्हणजे सांगणारच आहे. मी दातांची डॉक्टर आहे. मला खरं तर माझ्या रक्तदाबासाठी माहिती हवी होती."

"तेवढं सांगते, तुझ्या औषधपाण्याचा प्रश्न आहे. आमच्या आईला रक्तदाब होता. मलाही ऐन उमेदीत लागला. तुझ्या डॉक्टरांना तसं कळव."

एवढंच हवं होतं ना? मिळालं की! आता मन शांत व्हायला हवं होतं. पण तगमग उलट दुप्पट झाली. रक्तदाब हे नुसतं निमित्त होतं, हे तिला त्या क्षणी कळलं आणि स्वतःचीच लाज वाटली. तरी तोंडातून निघालंच, "त्यांना दुसऱ्या घरी का दिलं?"



"मी तेव्हा लहान होते, पण दारात उभी होते. सगळं आठवतंय," बाई म्हणाल्या. "पण ते मी त्याच्या आधी तुला नाही सांगणार. नोकरीभर मी लोकांना सुया टोचल्या. शुद्धीवरच्या माणसाला न विचारता एकही टोचली नाही. तू तर डॉक्टर आहेस ना? मग स्वतःच्या बापाला विचारायला काय झालं होतं?"

त्या संध्याकाळी बाबा गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत होते. तिने आडवळण न घेता सगळं सांगितलं. काडी, थाप, होकार, बहीण, सगळं. बाबांच्या हातातल्या झारीतून पाणी कुंडीबाहेर वाहत राहिलं.

"मला दिलं तेव्हा कुणी विचारलं नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "घेतलं तेव्हाही नाही. कसं विचारणार, तान्हं पोर होतो मी. पण आता? आता तर मला बोलता येतं ना गं!"

"चुकलं बाबा" म्हणताना तिला हुंदका आवरला नाही.

नंतर बरेच दिवस बाबा तो विषय सोडून सगळ्यावर बोलले, भाजी, क्रिकेट, शेजाऱ्यांची गाडी. लेक आतून उकळत होती. विचारावं का, आठवण करून द्यावी का, त्या बाईंना काय सांगावं? पण या खेपेला तिने जीभ आवरून धरली. आईने एकदा तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "त्यांना वेळ लागेल. लागू दे."

मग एका सकाळी चहा पिता पिता बाबाच म्हणाले, "तिला फोन कर. मी सुखात आहे म्हणून सांग. बाकी काही नको."

तिने त्यांच्यासमोरच फोन लावला. "बाबांनी सांगितलंय, ते सुखात आहेत." पलीकडून रडणं ऐकू आलं. कितीतरी प्रश्न तिच्या ओठांपर्यंत येऊन उभे राहिले. आजी कशी होती? मी तिच्यासारखी दिसते का? का दिलं, कुणी ठरवलं? एकही तिने बाहेर पडू दिला नाही. "काळजी घ्या" म्हणाली आणि फोन ठेवला.

बाबा कपातल्या चहाकडे बघत बसले होते.

"आवाज कसा होता गं तिचा?"

"तुमच्यासारखाच. शेवटचा शब्द गिळणारा." ती थांबली. "आणखी सांगू?"

"नको. आज एवढं पुरे."

"बरं," ती म्हणाली, आणि खरोखरच गप्प बसली.

वाचकहो, दत्तक गेलेल्या माणसाबद्दल आपण किती सहज ठरवून मोकळे होतो! कुणी 'खरे आई-बाप कोण' म्हणून त्याला टोचतं, कुणी त्याच्यापासून सगळं दडवतं, कुणी त्याच्या पाठीमागे शोध घेतं आणि त्याला प्रेम म्हणतं. त्याच्या घराण्याविषयी आपल्याला ओढ वाटावी, यात गैर काहीच नाही. त्याच्या लेकरांना तर ती वाटणारच. पण त्याच्या जन्माची गोष्ट आधी त्याची आहे. ती उघडायची की मिटलेली ठेवायची, हे त्याला विचारा. आणि तो 'आज नको' म्हणाला, तर ते मनापासून ऐका. जन्माला आल्यापासून त्याला हे विचारणारे कदाचित तुम्ही पहिलेच असाल.