मशेरीच्या डबीतली पेस्ट

मी एक जुनी पत्र्याची डबी आहे. झाकण उघडं असेल तेवढाच वेळ मला बोलता येतं. म्हणून मित्रांनो, माझी गोष्ट तुकड्यातुकड्यांनी ऐका.

भोरच्या बाजारात एका पत्रेवाल्यानं तेलाचा रिकामा डबा कापून मला घडवलं. हिर्डोशीच्या बयाबाईंनी मला उचललं, झाकण लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "घट हाय. हिच्यात मशेरी सादळायची न्हा—"

टक्.

मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईस्तोवर भाजलेली तंबाखू. बयाबाई ती बोटानं दातांना लावत. उठल्यावर, शेरडं सोडताना, जेवल्यावर. मला कमरेला खोचून त्या रानभर हिंडत. त्यांच्याशिवाय मला उजेड नव्हता आणि माझ्याशिवाय त्यांना चैन न—

टक्.

एकदा त्यांच्या नातीनं, प्रेरणानं, आजीसारखंच माझ्यात बोट बुडवलं. पोर ओकून ओकून गळून गेली. तिची आई, म्हणजे बयाबाईंची सून रत्ना, भांडली नाही. तिनं मला राखेनं घासलं. खोबरेल तेलात खायचा सोडा, बारीक मीठ, हळद आणि लवंगेची पूड कालवली आणि ती पेस्ट माझ्यात काठोकाठ भरली.

"आत्याबाई, आता तुमी आजी-नातीनं हीच लावायची. मशेरीला जागाच न्हाई ठिवली."

"लई शानी हायेस," बयाबाई म्हणाल्या. पेस्ट लावून त्यांनी तोंड वाकडं केलं. "दात घासतीय का भाजीला फोडणी देतीय?"

पण मशेरी सुटल्यानं त्यांचं डोकं ठणकू लागलं. एका दुपारी घरात कुणी नसताना त्यांनी पेस्ट उपसली, तळाशी मशेरी दाबली, तिच्यावर प्लॅस्टिकचा तुकडा आणि वर पुन्हा पेस्ट.

मित्रांनो, तेव्हापासून माझा जीव गुदमरू लागला. रोज प्रेरणाचं बोट आत यायचं. रोज पेस्टचा थर पातळ व्हायचा. आणि माझं ओरडणं माणसांना ऐकू ये—

टक्.

थंडी पडली. खोबरेल गोठलं आणि पेस्ट दगड झाली. प्रेरणा चमच्याचा दांडा घेऊन मला खणू लागली. रत्ना शेजारीच चुलीपुढं होती. दांडा प्लॅस्टिकला टेकला.

"आगं थांब, प्रेरे!"

"का गं आजी? खालचं मऊ आसंल."

बयाबाईंनी सुनेकडं पाहिलं. काहीही न सांगता मला हिसकावून घेता आलं असतं.

"खाली मशेरी हाय," त्या म्हणाल्या. "म्याच ठिवलीय."

मग बयाबाईंनी स्वतः मला विस्तवाशी धरलं, तेल सुटू दिलं आणि उकिरड्यावर उपडं केलं.

"डबीपण टाकू का?" रत्नानं हळूच विचारलं.

"ऱ्हाऊ दे. हाताला कायतरी पायजे."

आता माझ्यात फक्त पेस्ट असते. पत्र्यात मुरलेला वास मात्र गेलेला नाही. रोज सकाळी बयाबाई मला नाकाशी धरतात आणि डोळे मिटतात.

"आजी, नुसता वासच ना?" प्रेरणा कमरेवर हात ठेवून विचारते.

"व्हय गं बये. नुसता वास."

मित्रांनो, तुमच्या घरात अशी डबी असेल, तर ती धरणाऱ्या माणसाजवळ थोडा वेळ बसा. झाकण त्याचं त्याला लावू द्या. ते लावायला किती जोर लागतो, हे मला आतून कळ—

टक्.