जावळ भरलेले स्पीकर

यशोदाबाई हरभऱ्याची भाजी खुडून घरी आली, तेव्हा सटवाजी डाव्या स्पीकरचा डबा पालथा घालून त्याच्या पोटातली लोकर उपसत बसला होता. मागची फळी भिंतीला टेकवलेली, स्क्रू वाटीत काढून ठेवलेले आणि शेजारच्या टोपल्यात काळ्या लोकरीचा हा एवढा ढीग.

"आवं, काहून उपसून राहिले?" ओच्यातली भाजी तशीच धरून तिने विचारलं.

"घुंगरू गेले."

"कोन्ते घुंगरू?"

"तबकडीवरल्या बाईच्या पायातले. बाई गाते बराबर, सारंगी हाय, तबला हाय. घुंगरू तेवढे गायब." त्याने आणखी एक मूठ बाहेर ओढली. "या लोकरीनं खाल्ले."

यशोदाबाई भाजी घेऊन चुलीकडे गेली. लोकर तिची होती. तिच्या मेंढ्यांची, तिने धुतलेली, तिने पिंजलेली. नवरा तिला काही बोलला नव्हता, लोकरीलाच बोलला होता, पण लागायचं तिथे लागलंच.

सेनगावाकडच्या गोरेगावात सटवाजीला ओळखत नाही असा माणूस नव्हता. लग्न असो, सप्ताह असो की निवडणूक, मांडवाच्या बल्लीवर कर्णा चढायचा तो सटवाजीचाच. बल्लीच्या बुडाशी कर्ण्याचं मशीन मांडून तो बसायचा आणि डोक्यावर कर्णा दिवसभर बोंबलत राहायचा. पंचक्रोशीला गोंगाट भाड्याने पुरवणारा हा गडी घरात मात्र एक शब्द मोठा खपवून घेत नसे. भांडं आपटलं तरी कपाळाला आठी.

हे हळू ऐकण्याचं वेड त्याला हैदराबादेत लागलं. ब्याण्णव साल असेल. गावातले लोकरीचे व्यापारी खाजा मिया यांच्या ट्रकमध्ये बसून तो धंद्यासाठी दुसरं मशीन आणायला गेला होता. तिथे कुणा मोठ्या साहेबाचं घर रिकामं होत होतं आणि सामानाच्या पसाऱ्यात हे दोन विलायती स्पीकर हळू आवाजात गात होते. कमरेइतके उंच, अक्रोडी लाकडाचे, पुढे खाकी कापड ताणलेलं. सटवाजी तिथेच खिळला. खाजा मियांचा ट्रक भरून निघायची वेळ झाली तरी हा हलेना. मशीन आणायला गेलेला माणूस दोन डबे, तबकड्या वाजवायचं यंत्र आणि सतरंजीत गुंडाळलेल्या तबकड्या घेऊन परत आला. त्या वर्षीची लग्नसराई जुन्याच मशीनवर, त्याला थापा मारमारून निभावली.

गावातल्या बाया यशोदाबाईला चिडवायच्या, तुझ्या घरात दोन सवती आल्या म्हणून. सवती होत्याच त्या. त्यांच्यासाठी घराची मांडणी बदलली. त्या भिंतीला चिकटून चालत नाहीत म्हणून हातभर पुढे आल्या, त्यांच्या पायाखाली घडीव दगड आले, समोरच्या भिंतीवर घरातली बरी वाकळ टांगली गेली. ज्वारीची पोती ऐकायला बसलेल्या सटवाजीच्या पाठीमागे रचायची, म्हणजे आवाज भिंतीवर आपटून परत येत नाही म्हणे. उन्हाळ्यात ज्वारी खाऊन संपत आली की त्याचा जीव कासावीस व्हायचा. शेवटी यशोदाबाईने रिकाम्या पोत्यांत भुसा भरून दिला, तेव्हा कुठे घरात शांतता झाली.

लोक हौसेने ऐकायला यायचे आणि हिरमुसून जायचे.

"एवढाले डबे आन आवाज कोकराएवढा?" कुणीतरी म्हणायचंच.

"भोंगा पाहिजे तर मांडवात ये," सटवाजी म्हणायचा. "हितं गानं हाय."

यशोदाबाईचं आणि त्या डब्यांचं जमलं ते उंदरांमुळे. एका पावसाळ्यात उंदीर वायरच्या भोकातून आत शिरले आणि त्यांनी आत संसार थाटला. सटवाजीने रडकुंडीला येऊन फळी खोलली. आतून कुरतडलेली, घाण झालेली पांढरी लोकर निघाली. त्याने ती बोटांत चोळली, हुंगली आणि बायकोला हाक मारली.

"अगं, ही तर मेंढीची हाय!"

यशोदाबाई पदर तोंडाला लावून हसत सुटली. इतकी वर्षं तिला वाटायचं, आत काहीतरी भलतंच यंत्र असणार. आत निघाली मेंढी! आणि मेंढीबद्दल तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. माहेरी आणि सासरी तिची हयात मेंढरांमागे गेली होती.

तिने कोकरांचं जावळ काढलं. पहिल्या कातरणीची लोकर, तिच्यासारखी मऊ दुसरी नाही. ओढ्यावर रिठ्याच्या पाण्यात ती धुतली, खडकावर वाळवली, एकेक कुसळ वेचलं, बोटांनी पिंजून पिंजून धुरासारखी हलकी केली. जुनी पांढरी लोकर तागडीच्या एका पारड्यात आणि ही काळी दुसऱ्या पारड्यात ठेवून बराबर तेवढीच भरली. त्या दुपारी सटवाजीने तबकडी लावून शेवटपर्यंत ऐकली आणि मग म्हणाला, "बाईचा गळा पहिल्यापेक्षा मऊ झाला." यशोदाबाईने ते वाक्य कुणाला सांगितलं नाही. मनात ठेवून दिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिच्या हाताच्या कामाला त्याने असं कधी नावाजलं नव्हतं.

आणि आता त्याच लोकरीवर चोरीचा आळ.

दुपारी लोडशेडिंग संपून लाईट आली की सटवाजी तबकडी लावायचा, कपाळाला आठ्या घालून ऐकायचा, मग पुन्हा फळी खोलून मूठभर लोकर काढायचा. लोकर कमी झाली तसा आवाज घुमू लागला. रांजणात तोंड घालून कुणी गावं तसा. यशोदाबाईला चुलीपाशी बसून ते कळत होतं. आणि घुंगरू तर तिला स्वच्छ ऐकू येत होते. छुम, छुम, छुम.

"आवं, वाजून तर राहिले," ती एकदा म्हणाली.

"तुला काय कळतंय त्यातलं? धुवायला कमी पडलीस तू. लोकरीत तेल राहिलं."

त्या दिवसापासून ती त्याच्याशी बोलेनाशी झाली. भाकरी वाढली, पाणी ठेवलं, बोलली नाही.

संक्रांतीला अबोला सुटला, पण भलत्याच कारणाने. सकाळी बांगडीवाली फातिमाबी येऊन हिरवा चुडा भरून गेली होती. यशोदाबाईचे दोन्ही हात कोपरापर्यंत नवे झाले होते. सटवाजी यंत्रावर वाकून सुई पुसत होता आणि ती त्याच्या मागे परातीत तिळगुळाचे लाडू वळत होती. हात हलला की काचा किणकिणत होत्या.

सटवाजी वळून न बघता म्हणाला, "सणासुदीचे हात मोकळे काहून ठेवले? फातिमाबी आली न्हाई का? बांगड्या भर की."

यशोदाबाईचा हात परातीतच थांबला. तिला वाटलं, थट्टा करतो. मग ती उठली, त्याच्या पाठीशी गेली आणि त्याच्या कानामागे मनगट हलवलं. एकदा. परत एकदा, जोरात. सटवाजी सुई पुसत राहिला.

ती परातीपाशी येऊन बसली. मग एकेक आठवत गेलं. कोकराच्या गळ्यातली घंटी दाराशी वाजली तरी तो मान वळवत नव्हता. सकाळच्या चिमण्यांवर खेकसायचा, तेही त्याने सोडलं होतं. माणसांचं बोलणं त्याला ऐकू येत होतं, कर्णा ऐकू येत होता. बारीक, नाजूक तेवढं त्याच्यापासून निघून गेलं होतं, आणि जन्मभर त्याने जीव लावला होता तो त्या बारीक, नाजूकालाच.

आता त्याला सांगायचं कसं? लोकरीवर आळ आला तर येऊ दे, असं तिने मनाशी ठरवलं. माझी लोकर वाईट, मी धुण्यात कमी पडले, असू दे. निदान माणूस तरी शाबूत राहील.

पण तसंही होईना. आठवडाभराने सटवाजीने खाजा मियांना बोलावून घेतलं आणि सांगितलं की डबे विकायचे.

"खराब झालेली चीज डोळ्यापुढं नको," तो म्हणाला. "रोज बघून तकलीफ होते."

खाजा मिया पाय दुमडून बसले. म्हणाले, "नांदेडचा एक शौकीन हाय. शुक्रवारी घेऊन येतो. पर पहले सुनाव तो सही."

सटवाजीने तबकडी लावली आणि चहाला दूध नाही म्हणून तांब्या घेऊन शेजारी गेला. खाजा मिया ऐकत होते. थोड्या वेळाने त्यांनी मान वर करून यशोदाबाईकडे पाहिलं.

"भाभी, घुंगरू तो साफ बज रहे."

"मला ठावं हाय, भाऊ."

खाजा मियांनी स्वतःच्या कानाला बोट लावलं. यशोदाबाईने मान हलवली.

"तो बोलो ना उसकू."

"तुमीच सांगा की. तुमचं ऐकतील."

"मैं बोला तो समजेगा, सस्ते में लेने आया." खाजा मिया हळू हसले, पण त्यांचे डोळे हसले नाहीत. "तुमीच सांगायचं, भाभी. दुसऱ्याच्या तोंडून ऐकला तो मोडून जाईल."

गुरुवारी सटवाजी डबे बांधायला पोती आणि सुतळी आणण्यासाठी जीपने सेनगावला गेला. जीप वळणाआड गेली तशी यशोदाबाईने टोपली पुढे ओढली. उपसलेली लोकर धुळीने, पायाखाली येऊन गुठळून गेली होती. तिने ती झटकली, पुन्हा पिंजली आणि दोन्ही डब्यांत भरली. दाबून नाही. लेकराला दुपट्यात गुंडाळतात तशी, सैल. फळ्या लावल्या. स्क्रू फिरवताना हाताला फोड आला. मग, जन्मात कधी लावला नव्हता तो हात तिने यंत्राला लावला. सटवाजी पोती खांद्यावर टाकून दारात आला तेव्हा तबकडी फिरत होती.

तो उंबऱ्यातच थांबला. घुमारा गेला होता. बाईचा गळा पुन्हा मऊ झाला होता.

"लोकर भरली?"

"भरली."

"कुनाला इचारून?"

"माझी लोकर हाय, कुनाला इचारू?" ती म्हणाली, आणि मग तिचा आवाज चिरकला. "तिचा काही गुन्हा न्हाई वं. घुंगरू वाजून राहिले. आतासुदिक वाजून राहिले. तुमालाच ऐकू येईना झाले."

"काय बी बोलून राहिली. तुझं बोलनं येतंय की मला."

यशोदाबाईने दोन्ही हात त्याच्या तोंडासमोर धरले आणि हलवले. हिरवा चुडा वरखाली नाचला, काचेवर काच आपटली. सटवाजी बघत राहिला. मग त्याने तिचं मनगट धरून स्वतःच्या कानाजवळ नेलं आणि स्वतःच हलवलं. बराच वेळ हलवत राहिला. एक बांगडी फुटून खाली पडली, तरी त्याच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही.

खांद्यावरची पोती गळून पडली. तो ज्वारीच्या पोत्यांना टेकून खाली बसला.

"कवापासून?"

"मला संक्रांतीला कळलं. तुमी म्हनले, हात मोकळे काहून ठेवले."

"आन गप राहिलीस?"

"मंग काय करू? तुमचा जीव त्याच्यातच हाय." ती रडू लागली. रडताना त्याच्यावरच चिडली. "तीस वर्सं त्या कर्ण्याखाली बसून राहिले. म्हनत व्हते मी, जरा दूर बसा."

"म्हनत व्हतीस," सटवाजी म्हणाला. तबकडी संपून सुई नुसती खरखरत होती. त्याने हात लांबवून सुतळीचं बंडल दाराबाहेर टाकून दिलं.

"खाजा मियाला सांगतो, त्या मानसाला आनू नको म्हनून."

यशोदाबाईने डोळे पुसले.

"अगं, तुझी लोकर..." तो म्हणाला आणि अडकला. "तुझी लोकर चांगली हाय. उगंच बोललो मी."

त्याने उठून तबकडी पुन्हा लावली आणि तिला हाताला धरून स्वतःशेजारी, दोन्ही डब्यांच्या बराबर मधोमध बसवलं. आपला तळहात उघडा करून तिच्यापुढे ठेवला.

"गळा मला ऐकू येतो. सारंगी येते. घुंगरू तू ऐक. वाजले की हितं बोट मार."

बाई गाऊ लागली. छुम झालं तसं यशोदाबाईने त्याच्या तळहातावर बोट टेकवलं. पुन्हा छुम, पुन्हा बोट. सटवाजीने डोळे मिटले. प्रत्येक बोटाला त्याची मान हलायची. घुंगरू त्याच्या आठवणीत होतेच, फक्त त्यांची जागा हवी होती, आणि ती यशोदाबाई देत होती. ती अगदी दाणे मोजल्यासारखी, जीव मुठीत धरून बोट टेकवत होती. चुकायला नको.

मग बाईने लांबवर सूर नेला. यशोदाबाईने इतकी वर्षं हे गाणं ऐकलं होतं ते पाठमोरं, भांड्यांच्या आणि फोडणीच्या आवाजातून. समोर बसून कधीच नाही. आता तिला दिसलं, म्हणजे ऐकू आलं, की गळा डब्यांतून येतच नाही. दोन्ही डब्यांच्या मधे भिंतीपाशी जी मोकळी जागा आहे, तिथून येतो. बसलेल्या बाईच्या तोंडाची जेवढी उंची, तेवढ्या उंचीवरून. तिथे कुणीतरी गुडघा मोडून बसलं आहे, मधेच श्वास घेतं आहे, पदर सावरून पुन्हा गातं आहे. यशोदाबाई नुसती तिकडे बघत राहिली.

तळहातावर बराच वेळ काही टेकलं नाही, तेव्हा सटवाजीने डोळे उघडले. यशोदाबाईचं बोट हवेतच राहिलं होतं. तोंड किंचित उघडं होतं. घुंगरू वाजत असणार, हे तिच्या चेहऱ्यावरून त्याला कळत होतं.

त्याने तिला हटकलं नाही. तळहात तसाच उघडा धरून तो तिच्याकडे बघत बसला.